हिराचे दोन हात

पनवेलात सगळ्यात गरम पाणी आमच्या घरी असायचं आणि आम्हाला त्याचा गर्व होता. बाबा भाताच्या गिरणीत मुकादम होते. गिरणीच्या मागे, गाढी नदीकडे उतरणाऱ्या बोळात, मालकाने आम्हाला दोन खोल्या राहायला दिल्या होत्या आणि तूस हवं तेवढं न्या म्हणून सांगितलं होतं. इतरांच्या घरी लाकूडफाटा जपून जाळत. आमच्याकडे पत्र्याच्या डब्यात मधोमध मुसळ उभं धरायचं, भोवती तूस ठासायचं, मुसळ अलगद काढून घ्यायचं आणि उरलेल्या भोकात पेटता कागद सोडायचा. ती शेगडी सकाळभर धगधगायची आणि तिच्यावर तांब्याचा हंडा. दिवाळी सरली, गावोगावचं नवं भात बैलगाड्यांनी यायला लागलं, की इंजिनाचा ठोका आणि पट्ट्याची फटफट उजाडल्यापासून सुरू होई, तुसाचा ढीग आमच्या मागच्या दाराला येऊन टेके आणि आयचा हात मोकळा सुटे. ती आम्हाला अशा पाण्याने न्हाऊ घाले, की न्हाणीतून बाहेर आलेलं माणूस उकडलेल्या कोलंबीच्या रंगाचं दिसे. पाहुणा आला की बाबा त्याला आधी विचारत, "आंगोल करनार काय? पानी हाय गरम." चहाचं नंतर. हे सगळं सांगते आहे, कारण पुढचा अर्धा घोटाळा त्या हंड्यात होता आणि आमच्यापैकी कोणालाच तो दिसत नव्हता.

माझी धाकटी बहीण हिरा तेव्हा सातवीत होती. तिचे दंड आणि मांड्यांची बाहेरची बाजू खरखरीत. थंडीने सगळ्यांच्याच अंगावर काटा येतो आणि जातो. हिराच्या अंगावर तो आला आणि परत जायचं विसरला, असं दिसायचं. केसाच्या प्रत्येक मुळाशी एक बारीक टणक पुळी, हात फिरवला तर किसणीवरून फिरवल्यासारखा. खाज नाही, पू नाही, दुखणं नाही. तिला स्वतःला त्याचं काही वाटत नव्हतं. दुसऱ्यांना वाटायला लागलं तेव्हा तिलाही वाटायला लागलं.

वाटणाऱ्यांत पहिली आमची चांगुणा आत्या. बाबांची थोरली बहीण, उलव्याला दिलेली, नवरा गेल्यावर आमच्याकडे राहायला आलेली. ती धवलारीण होती. आमच्या आगरी लोकांत हळदीपासून पाठवणीपर्यंत लग्नाचे विधी धवलारीण धवळे गाऊन करते, तिच्याशिवाय मांडवातलं पानही हलत नाही. आत्याचा आवाज गिरणीच्या इंजिनावर चढायचा. पनवेल ते उरणपर्यंतच्या नवरानवरींना तिने हळद लावलेली, त्यामुळे माणसाच्या कातडीतलं आपल्याला सगळं कळतं याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. "मल हाय तो," ती हिराच्या दंडाकडे बोट दाखवून म्हणे. "घासला की निंगल." आणि घासायची. आधी तेल, मग कढत पाणी, मग बेसनात कालवलेला तांदळाचा कोंडा, आणि शेवटी टाचा घासायची वजरी. दिवाळीच्या अभ्यंगाला तर ती वजरी अशी चाले, की हिरा दातांत टॉवेल धरून बसे. मळ निघत नव्हता, कातडी निघत होती.

आयचं निदान निराळं होतं. खरखर नव्या भाताच्या हंगामात वाढते, हे तिने टिपलं होतं. हे टिपणं अगदी बरोबर होतं, त्याचा मान मी आजही राखते. पण त्यावरून तिने काढलं ते असं, की नव्या तांदळाची गरमी पोरीला बाधते. म्हणून हिराला नवा तांदूळ बंद, सुकी मासळी बंद. आम्ही सगळे नव्या तांदळाची वाफाळती भाकरी खायचो, करंज्याहून आलेले सुके बोंबील निखाऱ्यावर भाजून, वर लसूण-मिरचीचा ठेचा. आणि हिरा भिंतीला टेकून जुन्या तांदळाची पेज ढवळत बसायची. ती त्या बोंबलाकडे ज्या नजरेने बघायची, त्या नजरेवर मी एक पत्रक लिहू शकले असते.

पत्रकं हा माझा धंदाच होता. मॅट्रिक होऊन मी गावातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायला जात होते आणि संध्याकाळी आमच्या तरुण मंडळींच्या गटासाठी पत्रकं लिहीत होते. नळाला पाणी का नाही, बाजारपेठेत दिवे का नाहीत, मुलींच्या शाळेचं छप्पर का गळकं. पत्रकाने माणसाला एक सवय लागते. समोर काहीही आलं की विचारायचं, हे कोणी ठरवलं, कधी ठरवलं, आणि त्याचा त्याला काय उपयोग. घरात ही सवय कोणाला आवडत नाही. मला म्हातारपणीही ती सोडवलेली नाही आणि सोडवायची इच्छाही नाही.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा हिराचे दंड वजरीने लालभडक झाले होते. तिसऱ्या का चौथ्या दिवशी ती घरी आली आणि दप्तर न टाकताच सांगायला लागली. तिला मागच्या बाकावर एकटीला बसवलं होतं. माठाशेजारी खिळ्याला एक ॲल्युमिनियमचा पेला अडकवला होता, तो फक्त तिचा. वर्गातल्या मंदाच्या आईने शाळेत येऊन तक्रार केली होती, की हिराच्या अंगावरचं पोरींना लागतंय. आठवड्याने मुख्याध्यापिकाबाईंनी निरोप धाडला, अंग स्वच्छ होईपर्यंत मुलीला घरी ठेवा. माझं डोकं फिरलं. पण एक गोष्ट इथेच सांगून टाकते. वेगळा पेला आमच्या गावाला नवा नव्हता. गावकुसाबाहेरच्या पोरांना तो कधीपासून ठाऊक होता आणि त्यावर माझं एकही पत्रक निघालेलं नव्हतं. तो आमच्या घरी आला तेव्हा आम्हाला दिसला.

बाबा शांत होते आणि तेच मला भिववत होतं. रात्रीचं जेवताना म्हणाले, "नाय घेत तं नाय. सातवी करून काय मामलेदार व्हायचा हाय? शिमगा झाला की उलव्याला धाडतो. काकाचे मिठागरावर हात लागल."

हिराने पेजेतून मान वर केली नाही. मिठागराचं पाणी सोललेल्या हातावर कसं चावतं ते आम्हा दोघींना माहीत होतं. फाल्गुनापर्यंत ती शाळेत परत गेली नाही तर कायमचीच गेली, एवढाच त्याचा अर्थ.

मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी उभ्याउभ्या तिचा दंड उजेडाकडे वळवला, अंगठा फिरवला आणि सोडून दिला.

"काही नाही हे. जन्माची कातडी अशी आहे. केसाच्या मुळाशी कातडीचाच कोंडा घट्ट बसतो. घासता का?"

"आत्या घासते. वजरीनं."

"आत्याला घासा वजरीनं," ते म्हणाले. हिरा त्या दिवसात पहिल्यांदा हसली. "कढत पाणी नको. कोमट. घासायचं नाही, नखांनी उकरायचं नाही. अंग पुसून अर्धवट ओलं असतानाच तेल चोळायचं. जाणार नाही, नरम पडेल. मोठी झाली की आपोआप कमी होईल."

"आणि हे दुसऱ्याला लागतं का?"

"नाक लागतं का दुसऱ्याला? बापाचं लागतं तेवढंच."

"मग तसं लिहून द्या. शाळेला हवंय."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. "काय लिहू? मी दाखला रोगाचा देतो. काही नाही याचा दाखला कसा असतो?"

मी वाद घातला, रांगेतली माणसं कुरकुरायला लागली, आणि आम्ही रिकाम्या हातांनी बाहेर आलो. शाळेला रोग नसल्याचा कागद हवा, दवाखाना रोग असल्याशिवाय कागद देणार नाही. हा देश चालवतं कोण, असा प्रश्न मला त्या वयात रोज पडायचा. त्या दिवशी जरा जास्त पडला.

बापाचं लागतं, हे मात्र डोक्यात राहिलं. बाबा गिरणीतून आले तेव्हा मी म्हटलं, "बाबा, बंडी काढा."

"कनाला?"

"दंड बघायचेत."

कुरकुरत त्यांनी बंडी काढली. दोन्ही दंड हिरासारखेच, फक्त पुळ्या वयाने बोथटलेल्या. "पोत्यांनी झालाय यो," ते म्हणाले. "जलमभर पोती उचलली."

"मग माझ्या दंडावर कुठलं पोतं?" मी बाही वर केली. माझ्याही दंडाच्या मागच्या बाजूला होतंच, थोडं. मी आयुष्यभर तो हात घेऊन हिंडत होते आणि कधी बघितलं नव्हतं. बाबांनी माझ्या दंडावरून अंगठा फिरवला, मग स्वतःच्या, मग पुन्हा माझ्या. बंडी घालून बाहेर जाऊन विडी ओढत बसले.

त्या संध्याकाळपासून मला लोकांचे दंड बघायचं वेड लागलं. पत्रकं वाटायला दारोदार जायची सवय होतीच. आता पत्रक हातात दिलं की मी विचारायची, तुमच्या घरात कोणाचे दंड खरखरीत आहेत का? मी डोक्यावर पडले असल्यासारखी घरातली माणसं माझ्याकडे बघत. मोहल्ल्यातल्या एका खालाने ओढणी खांद्यावरून खाली ओढत सांगितलं, "नाय बाय, आमच्यात असला मरज नाय." ओढणी ओढायची काही गरज नव्हती. बाजारातल्या एका मावशींनी बायकांत बसून साफ नाही म्हणून सांगितलं आणि वळणावर मला गाठून कुजबुजल्या, "कशाने जातं गं ते?" मला कळून चुकलं, की हे गावभर आहे आणि गावभर बाह्यांखाली आहे. जो तो समजतो की आपल्या एकट्याच्याच घरात.

पण घरातली लढाई आधी जिंकायची होती. डॉक्टर काय म्हणाले ते मी आत्याला सांगितलं. तिने तोंडातली मिसरी थुंकली. "त्याचे घरान पोर हाय का? नाय. मग त्याना काय म्हाईत?" मी म्हटलं, ठीक, मग आपण बघू. हिराचे हात दोन आहेत. उजवा तुझा, डावा माझा. तू तुझ्या पद्धतीने चाल, मी माझ्या. माघ लागला की डोळे मिटून दोन्ही चाचप.

आत्याला पैज म्हणजे जीव की प्राण. अडचण आयची होती. आमच्या घरात आंघोळ झाल्यावर अंगाला तेल लावणं म्हणजे आंघोळ फुकट घालवणं होतं. तेल आधी, मग घासून घासून धुवायचं. तेलकट अंगाने देवाला हात लावायचा नाही. मी पुष्कळ भाषण केलं. आयने ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली. मग कोपऱ्यातून हिराच बोलली, "पन आय, डावा हात देवाला कुठं लावतात?" आयने खोबरेल तेलाची वाटी माझ्यापुढे सरकवली. डाव्या हाताला देवाची हरकत नव्हती.

पुढचे काही आठवडे आमच्या न्हाणीत जे चाललं ते बघायला शेजारीण येऊन उभी राहायची. दोन बादल्या, एक कढत, एक कोमट. उजव्या बाजूला आत्या, वजरी आणि कोंडा. डाव्या बाजूला मी, मऊ पंचा आणि तेलाची वाटी. उजव्या हाताचं पाणी डाव्यावर उडालं की मी ओरडायची, डाव्याचं तेल उजव्याला लागलं की आत्या. "मी काय गिरनीचा यंत्र हाय काय गं?" हिरा मधेच करवादायची. पण तिला उत्सुकता होती. शाळा नसल्यामुळे दिवसभर तिला दुसरा उद्योगही नव्हता. दुपारी ती उन्हात बसून एका हाताच्या बोटांनी दुसरा दंड चाचपायची, मग उलट, आणि मला अहवाल द्यायची. आज डाव्याची लाली गेली. आज उजवा ताणल्यासारखा वाटतोय. आज डाव्यावर दाणे आहेत पण टोचत नाहीत. पेज चालूच होती आणि दोन्ही हातांना पेज सारखीच मिळत होती. म्हणजे फरक पेजेचा नव्हता, हे मी आयच्या कानावर घातलं. तिने ऐकलं नसल्याचं दाखवलं, पण तिसऱ्या दिवशी हिराच्या ताटलीत पेजेशेजारी भाकरीचा एक चतकोर होता. बोंबील मात्र नाही.

हंड्याची गोष्ट मला त्याच दिवसांत उमगली. नवं भात, म्हणजे गिरणी, म्हणजे तूस, म्हणजे कढत पाणी, वर कोरडी थंडी. आयने हंगाम बरोबर पकडला होता, चोर चुकीचा. चोर ताटात नव्हता, हंड्यात होता, आणि आम्ही तो पाहुण्यांना अभिमानाने दाखवत होतो. आजही माझ्या नातीच्या पिढीतली मुलं अंग भाजेल अशा पाण्याखाली उभी राहतात आणि मग महागड्या मलमाची बाटली घेऊन रडतात, कातडी किसणीसारखी झाली म्हणून. त्यांना मी हंड्याची गोष्ट सांगते. ती हसतात. हसू देत. पाणी कोमट करा म्हणजे झालं.

माघ लागला. ओटीवर हिराला बसवलं, आत्याने डोळे मिटले. तिचे ते हळदीने कायमचे पिवळसर झालेले तळवे हिराच्या दोन्ही दंडांवरून सावकाश फिरले, वरून खाली, पुन्हा वर. आय चूल सोडून आली होती. आत्या उजव्यावर थांबली, नाक मुरडलं. डाव्यावर आली आणि तिचा चेहरा उजळला.

"यो बग," ती म्हणाली. "यो माजा."

तिने डोळे उघडले, आपला हात हिराच्या कुठल्या दंडावर आहे ते पाहिलं, आणि पदर सावरून आत निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून वजरी न्हाणीच्या उंबऱ्याशी गेली, टाचांच्या जागी, आणि उजवा हातही माझ्या पक्षात आला. देवाचं काय ते आय आणि देव यांनी आपसांत मिटवलं.

एवढं करून शाळेत नेलं, तर बाईंनी हिराची बाही वर करून पाहिली आणि म्हणाल्या, "अजून दिसतंय." दिसणारच होतं. ते दिसायचं थांबणार नव्हतं. जी अट पुरी होऊच शकत नाही ती अट घालून त्या मोकळ्या झाल्या होत्या. "माझं काही नाही गं," त्या म्हणाल्या. "पालकांची तक्रार आहे. तक्रार मागे घेतली तर मी उद्या बसवते."

मी छापखान्यात जाऊन बसले आणि पत्रक लिहिलं. खरखरीत कातडी हा रोग नाही. ती लागत नाही. ती तुमच्याही घरात आहे, बाह्या वर करून पाहा. मुलीला शाळेबाहेर काढणाऱ्यांनी गावाला जाब द्यावा. मालकाने उरलेल्या कागदावर छापू दिलं. चांगलं पत्रक होतं. मंदाच्या आईचं नाव त्यात नव्हतं, पण जाब कोणी द्यायचा ते गावाला कळलं असतं.

आणि त्याच आठवड्यात मंदाच्या घरून आत्याला बोलावणं आलं. मंदाची थोरली बहीण कमळ, तिची हळद.

"तू जायचं नाहीस," मी म्हटलं.

"का गं?"

"ज्या बाईनं आपल्या पोरीला शाळेतून काढवलं, तिच्या पोरीला तू हळद लावणार? हिराचं अंग चालत नाही आणि हिराच्या घरातला हात चालतो?"

"धवलारीन हलदीला नाय म्हनत नाय."

"याला बहिष्कार म्हणतात, आत्या. एकदा नाही म्हणून बघ, उद्या तक्रार मागे घेते की नाही."

"तुजे कागदान म्हनत असतील," आत्या म्हणाली. "कमलीना काय केलाय? तिना कनाला बिनहलदीची ठेवू?" मी पत्रकांचा गठ्ठा उचलला. "ठीक. मग मी येते आणि मांडवात हे वाटते."

आत्याने गठ्ठ्याकडे पाहिलं. "ये. पन पदराखाली ठेव. मी सांगल्याबिगर काडू नको."

मंदाचं घर भरलेलं होतं. दुपार कलली होती, मांडवाला आंब्याचे टहाळे, अंगणात बायकांची दाटी. मंदाच्या आईने मला बघून तोंड फिरवलं, पण आत्याच्या पायांवर पाणी घातलं. कमळ पाटावर बसली होती, जुनं लुगडं, कोपरापर्यंत चोळी. आत्याने धवळा सुरू केला आणि हळद पायांपासून चढवायला लागली. पाय, गुडघे, हात. मग चोळीची बाही वर सारून दंड. कमळने ओठ दातांत धरला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. बायका म्हणाल्या, "रडतेच पोर, मायेर सुटतंय." मी जवळ होते. दंड लाल होता, सोललेला, आणि त्या लालीत हिराचेच दाणे. आणि बारीक बारीक ओरखडे. वजरीचे. लग्नाआधी घालवायचं म्हणून कोणीतरी रोज घासलं होतं, आणि आता त्यावर हळद झोंबत होती.

आत्याचा धवळा थांबला नाही. गातागाताच तिने हात वर करून खोबरेल मागितलं, ओली हळद पंचाने हळूच टिपून घेतली, तेल लावलं आणि कमळचे दंड तसेच सोडले. मग गाणं संपवून तिने मंदाच्या आईला जवळ ओढलं.

"कोनी घासला हिना?"

"मीच," मंदाची आई म्हणाली. "काय करू? तुमचे हिरीपासून मंदाला लागला, मंदापासून कमलीला. परवा सासरची बगतील."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की ही बाई हलकट नव्हती. ती घाबरली होती. तिच्या दोन्ही पोरींच्या अंगावर होतं आणि ते कुठून आलं याचा तिने शोध लावला होता, आयने नव्या तांदळाचा लावला तसा. कमळ हिरापेक्षा किती मोठी आहे, तिच्या अंगावर आधीपासून असणार, एवढा हिशेब भीतीत सुचत नाही. माझ्या पदराखाली गठ्ठा टोचत होता. मी आत्याकडे पाहिलं. तिने मान हलवली नाही.

हळदीत बायका एकमेकींना हळद फासतात, तो मानच असतो. आत्याने हळदीचा अख्खा गोळा घेतला, मंदाच्या आईचा हात धरला, बाही वर केली आणि कोपरापासून खांद्यापर्यंत थापला. मग पदराने वरवर पुसला. हळद खोलगट जागेत राहिली आणि मधले दाणे एकेक उघडे पडले. ओल्या वाळूवर पावसाचे चार थेंब पडावेत तसा तो दंड दिसायला लागला.

"तुना कोनापासून लागला?" आत्याने विचारलं. हळू, पण आत्याचं हळू म्हणजे मांडवभर.

मंदाची आई स्वतःच्या दंडाकडे बघत राहिली. कमळही बघत होती. "माजे आयला व्हता," शेवटी ती म्हणाली.

"मग? आयचा नाक आला, यो बी आला. मी बी हिरीना दोन वर्सं घासली. चुकला माजा. आता वजरी टाचेला ठेव. कोमट पानी, आन आंगोल झाली की तेल, अंग ओला असतानाच. लग्नापावत लाली जाल. दाने नाय जायाचे."

"सासरची काय म्हनतील?"

"तेंचे बी बाया येतील परवा हलद लावाया," आत्या म्हणाली. "मी हाय ना. बगते तेंचे दंड."

कोणीतरी फसकन हसलं. मग दाराशी बसलेल्या एका म्हातारीने आपली बाही वर केली आणि शेजारणीला म्हणाली, "बग गं, माजा हाय का?" आणि मग चालूच झालं. हळद फिरायला लागली, बाह्या वर व्हायला लागल्या. हिचं आहे, तिचं नाही, हिच्या मांडीवर, हिच्या पोराच्या गालावर. मी कित्येक दिवस दारं ठोठावून जे बघू शकले नव्हते ते अंगणभर पिवळं होऊन बसलं होतं. मी गठ्ठा काढू का म्हणून आत्याकडे पाहिलं.

"हां, दे आता ते कागद," ती म्हणाली.

मी दिले. तिने ते बायकांत वाटले आणि बायकांनी त्यांना हळदीचे हात पुसले. एकीनेही वाचलं नाही. मला त्याचा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर थोडासा अजून आहे. पत्रक चांगलं होतं.

लग्न पार पडलं. सोमवारी सकाळी बोळाच्या तोंडाशी मंदा आली आणि तिच्या मागे तिची आई. घरात आली नाही. दारातूनच आयला म्हणाली, "हिरी हाय ना? दोघींना एकदमच नेते. बाईंना सांगायचा हाय." मग निघता निघता थबकली. "खोबरेलच ना? नारलाचा?" आय म्हणाली, "नारलाचाच. थांब." आणि आतून वाटीभर आणून दिलं.

हिराने लांब बाह्यांचं पोलकं काढून ठेवलं आणि आखूड बाह्यांचं घातलं. बाबा गिरणीच्या दारात उभे होते. ती समोरून गेली. उलव्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

संध्याकाळी इंजिन थांबल्यावर आम्ही जेवायला बसलो. हिराच्या ताटलीत नव्या तांदळाची अख्खी भाकरी होती आणि तिच्यावर दोन भाजके बोंबील. आयनेच वाढले होते. मी विचारलं, "मग? बाई काय म्हणाल्या?"

"कायच नाय. बस म्हनाल्या."

"आणि पेला?"

हिराने बोंबलाचा काटा तोंडातून काढून ताटलीच्या कडेला ठेवला. "खिल्याला तसाच व्हता. मधल्या सुट्टीत मंदाना काडला, त्यानीच पानी पिली. मग म्हनाली, यो पेला बरा हाय, माठावरचे वाटीपेक्षा मोटा हाय. मग सगल्याच त्यानी प्यायला लागल्या." ती भाकरीचा दुसरा तुकडा मोडत होती. "मना शेवटी मिलालाच नाय."